वाघमारे काकांची लख्ख काच

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या शेजारच्या वाघमारे काकांनी त्यांनाच विचारलं, "ते खरं हो, पण तुमच्या मशीनच्या आत काच कोणती हाय?"

रिक्षाचं मीटर, विजेचं मीटर, माझ्या मुलीची गुणपत्रिका, सगळ्यांवर त्यांचा हाच आक्षेप. बिलोलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, नांदेडात घर बांधलेला हा माणूस एवढा संशयी कसा, याचं उत्तर त्यांच्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात आहे.

एकदा मी ते विचारायचा गाढवपणा केला. सकाळचा चहा दुपारच्या जेवणापर्यंत लांबला. थोडक्यात असं, की त्या कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं चित्र आत एका दुधी काचेवर पडलेलं दिसतं. उजेड मोजणारं मीटरही त्याच काचेकडे बघतं. काकांनी मूळची काच काढून जास्त लख्ख काच बसवली. आता मीटरला वाटतं, बाहेर भलतंच ऊन आहे. ते कमी उजेड घ्यायला सांगतं आणि फोटो काळे येतात.

"म्हणून त्याला फसवायचं," काका म्हणाले. "फिल्म चारशे स्पीडची, पण वरची स्पीडची चकती दोनशेवर. मंग मीटर बिचारं दुप्पट उजेड मागतंय."

"मग जुनीच काच बसवा की! एवढी फसवाफसवी कशाला?"

"जुनी लई अंधारी हाय. सुमनला दिसत न्हाई तिच्यातून."

फोटो सुमनकाकू काढतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या डोळ्यांचे पडदे अधू होत चालले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. काका चकती लावून द्यायचे आणि स्वतः समोर जाऊन उभे राहायचे. विष्णुपुरीच्या धरणावर काका, पेरूखाली काका, गॅसच्या टाकीशेजारी काका. अख्ख्या रोलमध्ये दुसरं माणूस नाही.

"फुकट घालवता रोल," मी चिडवायचो.

"त्या काचेत ह्यांचं नाक दिसतंय अजून," काकू म्हणायच्या. "दिसतंय तवर बघून घेते."

गेल्या रविवारी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. अंगणात काकू खुर्चीवर बसून कॅमेरा डोळ्याला लावून होत्या. काका पेरूखाली उभे होते. कॅमेरा मात्र पार दुसरीकडे, कंपाउंडच्या भिंतीकडे वळलेला होता.

"दिसून राहिलं का, सुमन?"

"हाव. हलू नका आता."

काकांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. हळूच चपला काढल्या. अनवाणी, दबक्या पावलांनी ते भिंतीपाशी गेले, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभे राहिले आणि ताठ मानेनं हसले. खटका वाजला. ते तसेच चोरपावलांनी पेरूखाली परतले.

"हलला न्हाईत ना?" काकूंनी विचारलं.

"न्हाई गं," पेरूखालून काका म्हणाले. "जागचा हललो न्हाई."