जेवणाच्या बोलीवर जेसीबी

बायकोबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नामू जेसीबीवाल्याला जेवू घालणं. मी ताट मांडलं, तिनं भात वाढला. तिसऱ्यांदा वाढताना ती माझ्याकडं बघून पुटपुटली, "मशीन डिझेल पीत नसेल एवढा हा भात खातो."

नामूनं ऐकलं. म्हणाला, "वयनी, मशीनला डाळ लागत नाय, एवढाच फरक. डाळ वाढा."

गास गावात आमच्या घरामागं केळीची वाडी होती. विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी गेल्या, घाणेरी आणि सुबाभूळ माजली. त्यात साप दिसला, म्हणून बायकोनं नामूला जागा बघायला बोलावलं. नामू म्हणजे नुसतं तोंड. कुणाचीही जागा बघितली की आधी नावं ठेवणार. आमची वाडी बघून म्हणाला, "भाऊ, ही वाडी हाय का पोराचं जावळ? मला कशाला, न्हाव्याला बोलवायचं."

काम चोख, पण अट एकच. गिऱ्हाईक कुणीही असो, "जेवन मालकाच्या घरचं. आनि मालकानं संगती बसायचं." एका बिल्डरनं त्याला साईटवर बिर्याणीचं पाकीट पाठवलं. नामूनं ते कुत्र्यांना घातलं आणि भिंत अर्धी पाडून मशीन घरी नेलं. का, तर "तो माझ्यासंगती जेवला नाय, मग त्याची भिंत मी का पाडू?" गावात सगळे म्हणायचे, हावरट आहे. मीही म्हणायचो.

पुढच्याच आठवड्यात बायको गेली. सकाळी पाणी तापवायला उठली, ती न्हाणीतच पडली. त्याचं जास्त लिहीत नाही.

तेरावं झाल्यावर मुलगा बोलला, "बाबा, जागा साफ करून विकून टाकू. तुम्ही आमच्याकडं या." तो एव्हरशाईन सिटीत राहतो, फ्लॅटमध्ये. मी हो म्हटलं. घरात बसून करणार काय? गॅस पेटवत नव्हतो. चहा टपरीवर, पाव दुकानातला, रात्री तोही नाही. ठरलं असं, की ज्या दिवशी जागा मोकळी होईल त्या दिवशी मुलगा गाडी आणेल आणि मला घेऊन जाईल. घराला कुलूप. मी नामूला निरोप धाडला, ये आणि सरसकट काढ.

नामू आला. तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही, सरळ मशीनवर चढला. मला राग आला. दुपारपर्यंत अर्धी वाडी उघडी झाली. मग त्यानं मशीन बंद केलं, हात धुतले आणि ओटीवर मांडी घालून बसला.

"ताट?"

"पाव हाय," मी म्हटलं.

"पाव मी घरी खातो."

"शरम धर रे. बाई मेली माझी. कोन वाढनार तुला?"

"तुमचे हात मोडलेत?"

मी शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही. त्यानं उठून न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू खुडून आणलं आणि माझ्यापुढं टाकलं.

"शिजवा."

"मला येत नाय."

"मला तरी कुठं येतंय? चला."

मग दोन म्हाताऱ्यांनी सैपाक केला. त्यानं चिरलं, मी ढवळलं. भात खाली लागला. अळवाचं फदफदं हिरवं झालं, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. पहिला घास गिळला आणि घशात सुया टोचल्या. चिंच घालायची राहिली होती. चिंचेशिवाय अळू खाजतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. आम्हाला नव्हतं, कारण आम्हाला आयुष्यभर आयतं मिळालं.

नामू खोकत होता. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, आणि गडी खातोय.

"टाक ते, मरशील," मी म्हटलं.

"टाकनार नाय." त्यानं अजून एक घास कोंबला. "घरी खायला बसलो की नुसता पंख्याचा आवाज. आमची मंडळी गेल्यापासनं एकट्याला घास उतरत नाय, भाऊ. मग लोकांच्या घरी अट घालून जेवतो. हावरट म्हनतात. म्हनू देत." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "लई वाईट अळू हाय हे."

"लई वाईट," मी म्हटलं. माझेही डोळे गळत होते. ती गेल्यावर पहिल्यांदाच. तिला उचलली तेव्हासुद्धा गळले नव्हते.

ताटं नामूनंच घासली. जाताना म्हणाला, "उरलेली वाडी उद्या दुपारपर्यंत मोकळी करतो. पोराला गाडी आनायला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला फोन केला आणि सांगितलं, जागा साफ व्हायला वेळ लागेल, गाडी आणू नको. मग चालत नामूच्या घरी गेलो. तो मशीनवर चढत होता.

"खाली उतर," मी म्हटलं. "मशीन राहू दे. कोयता घेऊन ये. हातानं काढू, थोडं थोडं."

त्यानं एक पाय खाली ठेवला. "हातानं? अवो, किती महिने जातील, ठाव हाय का?"

"ठाव हाय," मी म्हटलं, आणि चिंच आणायला बाजाराकडं वळलो.