अप्पांच्या डोक्यावरची साडी

परळीच्या बाजारात डोक्याला बायकोची साडी गुंडाळून भांडी विकणारा माणूस एकच, आमचे शिवलिंगअप्पा. या महिन्यात जांभळी फुलं, पुढच्या महिन्यात पोपटी वेलबुट्टी. कुणी हसलं तर म्हणतात, "हसा की! फुकट हाय."

माझं शिलाईचं दुकान त्यांना लागूनच, म्हणून त्यांचं दुसरं वेडही मला पाठ आहे. कळशी बघायला वाकलेलं गिऱ्हाईक नुसतं "आई गं" म्हणालं, की मेलंच! अप्पा त्याला स्टुलावर बसवतात आणि डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीनं सांगितलेलं सगळं ऐकवतात.

"एकट्या नसंचं काम न्हाई हे! पाठीच्या कन्यात नसांच्या भवती दुसऱ्या पेशी असत्यात. त्या शेजारनी. भांडन मिटलं तरी गल्लीत कालवा चालूच ऱ्हातो ना? तसं जखम बरी हुती, ह्यांचा कालवा चालूच. शान्या झाल्या तर ह्याच दुखनं गप बी करत्यात. मंग सांगा, जखम दिसंना तरी दुखनं कसं असतंय, खरं का खोटं?"

"खरं" म्हटल्याशिवाय कळशी मिळत नाही. धर्मापुरीच्या एका लग्नात भटजींनी कंबर धरली, तर अप्पांनी मंगलाष्टकं थांबवून त्यांच्याकडून तीनदा "खरं" वदवून घेतलं. मी तर वैतागून शिलाई मशीन मुद्दाम जोरात चालवायचो.

मागच्या आठवड्यात अप्पांनी फेटा सोडून माझ्या टेबलावर ठेवला. महिनाभर बांधून, धुऊन साडी बाळाच्या दुपट्यासारखी मऊ झाली होती.

"टेलर, ह्यातला पीस कापून हिचा ब्लाऊज शीव. शिवनी समद्या भायेर ठेव."

"कावून?"

अप्पा पहिल्यांदाच हळू बोलले. काकूंना नागीण झाली होती. फोड गेले, कातडी स्वच्छ झाली, पण पदर लागला तरी त्या कळवळायच्या, म्हणून त्यांची प्रत्येक साडी आधी अप्पांच्या डोक्यावर मऊ व्हायची.

"अन् मी चारचौघांत म्हनलो, सोंग करती. नातीनं समजावल्यावर माफी मागितली बे. तर ही म्हनली, 'आता घरात कावून मागता? म्हनला तर चारचौघांत!' तवापासनं मांडलंय हे स्टूल."

मला फार वाईट वाटलं, स्वतःच्या मशीनचंसुद्धा. मी उलटा ब्लाऊज मन लावून शिवला.

काल काकू तो घालून बाजारात आल्या. अप्पांनी कळशी घ्यायला आलेल्या एका पाहुण्याला स्टुलावर बसवलं होतं. काकू खांबाशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"खरं," पाहुणा कंटाळून म्हणाला.

"बास झालं आता," काकू म्हणाल्या. "द्या त्यास्नी कळशी."