क्राऊनचं माहेर

मोटरचा जुना सुटा भाग बघायला जायचं असलं की पारिसअण्णा आदल्या दिवशी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेत. सकाळी धुवट धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल आणि हातात छत्री, मग आभाळ कितीही कोरडं असो. ज्याची मोटर बंद पडली असेल तो, हसन मिस्त्री आणि स्वतः अण्णा अशी तीन माणसं निघत. तिघांनी जाणं बरं नव्हे, म्हणून अण्णा छत्रीला चौथी धरत. कुणी वाटेत विचारलंच तर भाग बघायला चाललोय असं म्हणायची सोय नव्हती. स्थळ बघायला चाललोय, असंच सांगायचं.

आता बाजारात गेलं की मागाल तो भाग मिळतो. लढाईच्या दिवसांत तसं नव्हतं. विलायतेहून माल येणं थांबलं होतं, पेट्रोल मोजूनमापून मिळे, आणि आमच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटरी मागे कोळशाची भट्टी बांधून धूर ओकत चालत. अशा वेळी मोटर मोडली की मालकाचं घर मोडे. तेव्हा निपाणीत सगळे आधी देवाला हात जोडत आणि मग पारिसअण्णांच्या घराची वाट धरत.

गंमत अशी की अण्णांचा मोटरशी काडीचा संबंध नव्हता. ते तंबाखूचे दलाल. त्यांची स्वतःची मोटर नव्हती आणि त्यांना चालवताही येत नसे. मोटरीत चढताना बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, शिरावं तशा चपला खाली काढून ठेवत. एकदा त्या तशाच निपाणीच्या स्टँडवर राहिल्या आणि अण्णा बेळगावच्या बाजारात दिवसभर अनवाणी हिंडले. पण तंबाखूपायी गावोगाव जाणं असल्यानं कुणाच्या गोठ्यात कुठली मोटर धूळ खात उभी आहे याची खबर त्यांच्याकडे असे. तंबाखूत पक्का व्यवहारी असलेला हा माणूस मोटरच्या भागावर मात्र दलालीचा पैसाही घेत नसे.

भाग पाहण्याआधी ते घराण्याची चौकशी करीत. मोटर कुणी चालवली, चालवणारा घेत होता का, घाटात राबली की सपाटीला. मालक जेरीस येई. मग आवाज उतरवून शेवटचा प्रश्न येई, "हिच्या हातनं जीव गेलाय काय?"

अण्णा जैन. पाणी गाळून पिणार, सूर्य मावळायच्या आत जेवणार. माणसाची गोष्टच सोडा, एखादी कोंबडी जरी चाकाखाली आली असली तरी ते छत्री उचलून उठत आणि म्हणत, "ब्याड." ब्याड म्हणजे कानडीत नको. पसंती ते मराठीत सांगत, नापसंती त्यांच्या तोंडून कानडीतच येई. नंदगडला एक कार्बुरेटर मिळाला होता, अगदी नव्यासारखा. मालक बिचारा खरं बोलला, की एकदा एक बदक सापडलं होतं. अण्णा उठले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर हसन मिस्त्री कुणाशी बोलला नाही.

एवढ्यावर भागत नसे. स्थळ पसंत पडलं की भाग नेणाऱ्याकडून ते वचन घेत. दरवर्षी दिवाळीला मोटर त्या जुन्या मालकाच्या दारात न्यायची, कारण तो भाग माहेरी जायला हवा. लोक मान हलवत आणि भाग पदरात पडला की विसरत. मग दसरा झाल्यापासून अण्णा त्यांच्या दारात चकरा मारू लागत. सगळं गाव हसायचं. मीही हसायचो, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

माझी मोटर निपाणी ते चिकोडी धावत असे. वाटणीला आलेलं शेत देऊन घेतलेली. एके दिवशी चिकोडीच्या अलीकडे मागच्या धुऱ्यात कडकड आवाज झाला आणि इंजिन चालू असून चाकं जागची हलेनात. हसन मिस्त्रीनं उघडून पाहिलं. धुऱ्यातलं मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात, त्याचे दात तुटून तळाशी पडले होते. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं की लढाई संपल्यावर चौकशी करा. मोटर दारात उभी राहिली. पोरांची तोंडं बघत मी घरात बसलो, आणि माझ्या बायकोनं शेजारणीकडून सूप आणि कात्री आणून विड्या वळायला घेतल्या. तिनं मला एका शब्दानं टोकलं नाही, त्याचंच जास्त लागायचं.

अशात एका सकाळी अण्णा दाढी करून दारात हजर. "दत्तू, ऊठ रं. कणकुंबीला एक स्थळ हाय. तुझ्या मोटरीच्याच जातीचं."

बेळगावपर्यंत दुसऱ्याच्या मोटरीनं, पुढे जांबोटीपर्यंत लाकडाच्या लॉरीतून आणि तिथून बैलगाडीनं आम्ही रानातून कणकुंबीला पोचलो. घर एका लाकडाच्या ठेकेदाराचं. ठेकेदार वारलेले, घरात त्यांची म्हातारी एकटी. शेजारच्या छपरात मोटर होती आणि मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालून बसल्या होत्या. म्हातारीनं पोहे केले. तोवर सूर्य झाडांमागे उतरला, तेव्हा अण्णांनी बशी हळूच माझ्याकडे सारली आणि बोलणं काढलं. ती ऐकायला तयार नव्हती. नवऱ्याची एवढी एकच वस्तू राहिलीय, ती मोडायला देणार नाही, म्हणाली.

अण्णा म्हणाले, आम्ही मोडायला नाही, मागणी घालायला आलोय. मग माझ्या घरची हकिकत सांगितली, विड्यांसकट. म्हातारी जरा विरघळली. माझ्या जिवात जीव आला, तोच अण्णांनी आवाज उतरवून तो प्रश्न विचारला.

"गेलाय की," म्हातारी म्हणाली. "आमचंच कुत्रं हुतं. पोरावानी वाढवलेलं. ह्यांनी त्याच दिशी मोटर आत घातली, ती सोता मरूस्तोवर भायेर काढली न्हाय."

मी डोळे मिटले. आता कानडी ऐकायची तेवढी राहिली होती. ती येईना म्हणून डोळे उघडले, तर अण्णा छपराकडे निघाले होते. चपला काढून ते मोटरच्या पायरीवर चढले, टाकीचं झाकण फिरवलं आणि आत वास घेतला.

"तवापासनं पेट्रोल घातलं न्हाय?"

"एक थेंब न्हाय."

"मग उपास घडला हिला," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "इतका कडक उपास माणसाला बी जमत न्हाय रं. हिचं प्रायश्चित्त झालं. पसंत हाय."

मिस्त्रीनं तोंड फिरवलं, हसू लपवायला. म्हातारी मात्र हसली नाही. पदरानं डोळे पुसून तिनं आम्हांला भाग न्यायला सांगितलं, आणि म्हणाली, हे ऐकायला ह्यांनी असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं धुरा उघडला. क्राऊनबरोबर तिला फिरवणारं धाकटं दातेरी चाकही काढावं लागतं, दोन्ही एकमेकांवर झिजलेली असतात. हे कळल्यावर अण्णा खूश झाले. करवली पण संगं आली, म्हणाले.

मोटर सुरू झाली त्या दिवशी बायकोनं सूप शेजारणीला परत केलं. त्या क्राऊननं पुढे माझं घर चालवलं, पोरं शिकवली. अण्णांचे पाय धरावेत एवढे उपकार, पण पाया पडू गेलं की ते छत्री आडवी धरत.

दिवाळी आली. मी काही अण्णांना चकरा मारायला लावल्या नाहीत. अण्णांना घेऊन आम्ही पहाटे निघालो आणि चढाला खाली उतरून ढकलत, भट्टीत कोळसा कोंबत कणकुंबी गाठली. म्हातारी वाटच बघत होती. गुडघे धरून खाली वाकली आणि मागच्या धुऱ्याला हळदकुंकू लावलं. रात्र तिथंच काढली. सकाळी जेवायला वाढताना तिनं अण्णांना विचारलं, की लोखंडाला माहेर असतं हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?

अण्णांनी भात कालवायला घेतला.

"धाकटी भन हुती मला. पद्मा. किस्ना नदीपल्याड दिली. मीच जमवलं. घराणं बघितलं, जमीन बघितली, जावई कसा हाय, समदं इचारलं. दिवाळीला धाडशीला का, एवढं इचारायचं ऱ्हायलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "न्हाय धाडली त्येंनी. दरसाल गाडी जुंपून गेलतो, दरसाल मोकळी गाडी घिऊन आलतो. मग एका सालाला ती गेल्याचा सांगावा आला."

म्हातारीनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला, आणि नको नको न म्हणता त्यांनी तो खाल्ला.

परतताना दिवेलागणीला निपाणीत शिरलो, पण स्टँडकडे वळलो नाही. अण्णांच्या दारात मोटर उभी केली. त्या घरात ते एकटेच राहत. एका कोनाड्यात एक पणती तेवढी शेजाऱ्यांनी लावून ठेवली होती. अण्णा म्हणाले, इथं कशाला थांबवलीस? मी सांगितलं, मोटर आता दोन दिवस इथंच राहील, भाऊबीज झाली की नेईन. दिवाळीच्या गर्दीत दोन दिवस मोटर बंद ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्या व्यवहारी माणसाला कळत होतं. पण ते रुमालानं पुढचे दोन्ही दिवे पुसत राहिले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिन फिरवायचं हँडल घेऊन मोटर न्यायला गेलो. पायरीखाली अण्णांच्या चपला नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या आणि अण्णा आत, मागच्या बाकावर, कोट-रुमाल घालून बसले होते. मी म्हणालो, अण्णा, नेऊ का आता?

"ब्याड," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे की रं."

मी हँडल खाली ठेवलं, चपला काढल्या, आणि वर चढून त्यांच्या शेजारी बसलो.