दरडीचं शिफारसपत्र

आपत्ती व्यवस्थापन शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या जिल्ह्यात जी शिष्यवृत्ती आहे, तिच्या अर्जाला एका आपत्तीचं शिफारसपत्र जोडावं लागतं, आणि ते त्या आपत्तीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असावं लागतं. छाननीचं टेबल गेली सतरा वर्षं माझ्याकडे आहे. पुराची पत्रं ओली येतात, ती आम्ही आधी दोरीवर वाळत घालतो. आगीच्या पत्रांच्या कडा जळलेल्या असतात, पण सही शाबूत असली की चालतं. भूकंपाचं अक्षर लागत नाही, मात्र तो दोनच ओळी लिहितो, त्यामुळे निभावून जातं.

त्या जानेवारीत तेजल ढेबे या मुलीचा अर्ज आला. घाटाच्या पोटाशी करंजवडी म्हणून त्रेचाळीस घरांची वाडी आहे, तिथली ही. बी.एस्सी. झालेली, पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला, शिष्यवृत्ती मिळाली तरच जाऊ शकणारी. सोबतचं पत्र लाल मातीने लिहिलेलं होतं.

‘मी करंजवडीच्या डोक्यावरची दरड. या मुलीला पाचवीपासून ओळखते. रोज शाळेतून येताना ती वर चढून माझी भेग पट्टीने मोजायची. एक दिवस खाडा नाही. तापात असतानासुद्धा आली होती. मुलगी शहाणी आहे. हिला शिकवावं.’

पत्र चांगलं होतं. मी त्यावर ‘त्रुटी’ असा शिक्का मारला आणि मुलीला बोलावून घेतलं.

“ही दरड कोसळली कधी?” मी विचारलं.

“अजून नाही कोसळली, सर.”

“मग ती आपत्ती नाही. संभाव्य आपत्ती आहे. नियम सात बघा. शिफारस करणारी आपत्ती घडलेली असावी.”

“पण सर, मला दुसरी कुठली आपत्ती ओळखत नाही. वणव्याकडे गेले होते. तो म्हणाला, तुला मी पाहिलेलं नाही, खोटं कसं लिहू?”

वणव्याचं बरोबर होतं. तो या बाबतीत काटेकोर आहे.

“गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्रुटीची पूर्तता करा,” मी म्हणालो. तिने मान हलवली, पत्र जपून पिशवीत ठेवलं आणि गेली. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी अर्जात रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “सर, आत्या पडायला तयार आहे.”

“कोण आत्या?”

“दरड. वाडीत सगळे तिला आत्याच म्हणतात. गुरुवारी सकाळी अकराला पडते म्हणाली. पाऊस नसताना पडणं तिला अवघड आहे, पण माझ्यासाठी जमवेल. तुम्ही पडताळणीला याल का?”

मी नियमावली चाळली. आपत्तीने कुणाच्या शिक्षणासाठी घडू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी दौऱ्याचा अर्ज टाकला. तो मंजूर झाला.

गुरुवारी साडेनऊला मी माझी मोटारसायकल घेऊन करंजवडीत पोहोचलो, तेव्हा वाडी जवळजवळ रिकामी झाली होती. तेजलने तीन दिवसांत सगळ्यांना किलोमीटरभर दूर, पलीकडच्या पठारावर हलवलं होतं. माणसं, गुरं, शेळ्या, शाळेचा फळा, पिठाची गिरणी, मारुतीची मूर्ती, आणि लग्न ठरलेल्या एका मुलीचा अख्खा मांडव. पठारावर मांडव पुन्हा उभा राहिला होता आणि हळद चालू होती. तलाठीबाई लोटेकर मांडीवर पंचनाम्याचे कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या गालालाही कुणीतरी हळद लावली होती.

“दोनशे अकरापैकी दोनशे दहा आले,” तेजल म्हणाली. “गंगारामतात्या येत नाहीत.”

आम्ही दोघं खाली गेलो. तात्या ऐंशीच्या पुढचे, एकटे राहणारे. ओट्यावर पाय सोडून बसले होते.

“तात्या, चला की. आत्या खोळंबलीय.”

“खोळंबू दे. माझी कोंबडी अंड्यांवर बसलीय. आज तेरावा दिवस. उचलली तर अंडी टाकील ती. अकरा पिल्लांचा जीव घेऊ का तुझ्या शाळेपायी?”

वरून भरड, संथ आवाज आला. दोन-चार खडे गडगडत अंगणात पडले.

“तेजल, म्हातारा तिथं असताना मी पडणार नाही हं. सांगून ठेवते.”

“नको पडूस, आत्या,” तेजल ओरडून म्हणाली. “जरा दम धर.”

“धरलाय. अकरा वर्षं धरलाय. पण आता एकदा मनाची तयारी केली ना, की राहवत नाही गं.”

दहा वाजून गेले होते. तेजल तात्यांच्या शेजारी ओट्यावर बसली. तिने वाद घातला नाही. कोंबडी रात्री कुठल्या अंगाला तोंड करून बसते, दाणा कधी खाते, कुणाच्या हाताला बुजत नाही, असं सगळं नीट विचारून घेतलं. तात्या आधी तुटक बोलत होते, मग खुलले. कोंबडीला अंधार असला की ती जागची हलत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

“मग टोपलीसकट उचलू,” तेजल म्हणाली. “वरून तुमचं घोंगडं टाकू. तिला कळणारसुद्धा नाही. मांडीवर मी धरते.”

“धक्का बसला तर?”

तेजलने माझ्याकडे बघितलं. “सर, तुमची गाडी किती हळू चालते?”

पडताळणी अधिकाऱ्याने कोंबडी वाहून नेऊ नये, असाही नियम नाही. मी गाडी सुरू केली. मागे तेजल, तिच्या मांडीवर टोपली, टोपलीवर घोंगडं. तात्या शेजारून चालत होते, आणि मधून मधून ते आमच्या पुढे जात होते. प्रत्येक दगड त्यांनी मला आधी दाखवला. “डावीकडून घ्या, साहेब. सावकाश. श्वास हळू घ्या.” मी श्वास हळू घेतला. किलोमीटरभराला पस्तीस मिनिटं लागली. पठारावर पोहोचल्यावर तात्यांनी घोंगड्याचा कोपरा वर करून आत डोकावलं. कोंबडी बसलेली होती. मांडवातल्या वाजंत्र्यांनी आपणहून पिपाणी थांबवली, कारण तात्या ओठांवर बोट ठेवून उभे होते.

अकराला सात मिनिटं कमी होती. तलाठीबाईंनी पेन उघडलं.

“आत्या नाल्यातून उतरणार म्हणाली, घरांना हात लावणार नाही. म्हणजे नुकसान निरंक लिहू ना?”

मी नियमावली काढली. नियम अकरा स्पष्ट होता. नुकसान निरंक असेल, तर त्या घटनेला आपत्ती म्हणता येत नाही, हालचाल म्हणावं लागतं. आणि हालचालीचं शिफारसपत्र चालत नाही.

तेजल पुढे झाली. “माझं घर लिहा,” ती म्हणाली. “आत्याला सांगते आमच्या घरावरून जायला.”

“तुझी आई राहील कुठं?” तलाठीबाई म्हणाल्या.

“बाई, तुम्ही जरा थांबा,” मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

चार मिनिटांत मी नाल्याच्या तोंडाशी होतो. तिथे गाडी स्टँडला लावली, किल्ली खिशात घातली आणि डोंगराच्या कडेने पळत सुटलो. चौकशीत मला नंतर विचारण्यात आलं, की गाडी नेमकी तिथेच का लावली. मी उत्तर दिलं, की तिथे सावली चांगली होती. ते खरं आहे.

कड्याआड पोहोचून मी हात हलवला. पठारावरून तेजलने ओरडून सांगितलं, “आत्या, ये!”

आणि दरड पडली. इतकं मोठं काहीतरी इतक्या बेताने करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. झाडं, माती, घराएवढे दगड, सगळं वाडीपासून अंग चोरत नाल्यात उतरलं. एका घराच्या भिंतीशी एक भला मोठा धोंडा येऊन थांबला, मागे सरकला, आणि वळसा घालून गेला. मग लाल धूळ उठली आणि सगळं दिसेनासं झालं. धूळ बसली तेव्हा पठारावर दोनशे अकरा माणसं एकदम ओरडली, वाजंत्र्यांनी पिपाणी पुन्हा सुरू केली, आणि पठारावर परतल्यावर मीही पुरता लाल होऊन त्यांच्यात नाचत होतो. असं नंतर मला सांगण्यात आलं.

“कुणाला लागलं का गं?” नाल्यातून आत्याचा आवाज आला. दमली होती.

“कुणाला नाही, आत्या!”

“मग बरं झालं. फार वर्षं भीती वाटत होती.”

तलाठीबाईंनी लिहिलं. ‘नुकसान: मोटारसायकल एक, संपूर्ण. नुकसानग्रस्त: श्री. अच्युत खांबेटे, वरिष्ठ लिपिक.’ मी खाली सही केली. दरडीने पत्रावर कोसळल्याची तारीख घातली. वऱ्हाडाच्या टेम्पोने आम्हाला जिल्ह्याला आणलं आणि पाचला दहा मिनिटं असताना मी माझ्याच टेबलावर त्रुटीची पूर्तता स्वीकारली.

शुक्रवारी निवड समिती बसली. समितीवर पूर, आग आणि भूकंप असतात. पूर अध्यक्ष असतो, कारण तो दरवर्षी येतो. त्याने दरडीचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झालं, तेव्हा कागद पार भिजला होता.

“तुझ्या पत्रात गुणच गुण आहेत,” तो तेजलला म्हणाला. “पण मला एक सांग. तू शिकून आलीस आणि आम्ही यायच्या आधीच सगळी माणसं हलवलीस, तर आम्ही यायचं कुणासाठी?”

आगीने चटकन वर पाहिलं. भूकंपाने टेबलावरून हात काढून घेतला, त्यामुळे कप हलायचे थांबले. या प्रश्नावर अनेक उमेदवार गळालेले मी पाहिलेत.

“तुम्ही कधी येता, हे तुम्हाला आजवर कुणी विचारलंय का?” तेजल म्हणाली.

पुराने थोडा विचार केला. “नाही. थेट दारंच लावून घेतात.”

“मग मी विचारते.” तिने माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले. “यंदा कधी निघणार? धरणापाशी किती वाजता पोहोचता? आणि माणसं हलवायला मला किती तास द्याल?”

पूर खुर्चीत सावरून बसला. त्याचा आवाज बदलला. आधी वरच्या दोन ओढ्यांचं सांगितलं, मग बाजारपेठेचं, मग त्या जुन्या पुलाचं, ज्याच्यावरून जाताना त्याला स्वतःलाच धडकी भरते. तेजल मध्येच थांबवून नेमका वार विचारत होती. भूकंपाने हळूच खुर्ची जवळ ओढली. आपल्याला आपलीच वेळ ठाऊक नसते, पण आदल्या दिवशी अंगात कसकस येते, तेवढं कळवू शकेन, असं तो म्हणाला. त्याचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

चहा तीनदा आला. बाहेर चार उमेदवार बसले होते, त्यांनाही आत बोलावून लिहायला बसवलं. तेजलच्या अर्जावर ‘मंजूर’ असा शेरा मला मधल्या वेळेत, पुराच्या बोलण्यात खंड न पाडता घ्यावा लागला.

साडेसहाला मी कार्यालय बंद करायला उठलो.

“खांबेटे,” आग म्हणाली, “दिवा राहू द्या. माझा तर अजून उन्हाळाच सांगायचा राहिलाय.”