बायकोच्या बीपीचं ऑडिट

रोगाचं निदान करायला डॉक्टरच लागतो, हा एक गैरसमज आहे! छत्तीस वर्षं सरकारी ऑडिट करून निवृत्त झालेला माणूस हे सांगतोय. डॉक्टर करतो काय? प्रश्न विचारतो, नोंदी तपासतो आणि गडबड कुठे आहे ते हुडकतो. मीही तेच केलं. फरक इतकाच, की माझे पेशंट मला बघून पळायचे.

त्यामुळे आमच्या कसबा पेठेतल्या डॉक्टर प्रेमलाताई जेव्हा म्हणाल्या, "सत्यशीलाबाईंचं बीपी जरा जास्त दिसतंय. पंधरा दिवस घरी मोजा आणि आकडे लिहून आणा," तेव्हा मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या.

सत्यशीला म्हणजे आमची ही. तिला लडाखला जायचं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण माझ्यासोबत ती महाबळेश्वरच्या वर कधी चढली नव्हती. सहलीला दोघांची नावं दिली होती. पण साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांचा दाखला हवा, आणि बीपी जास्त असेल तर दाखला नाही! कागद द्यायची मुदत बरोब्बर सोळाव्या दिवशी संपत होती.

डॉक्टरांनी नुसते आकडे मागितले होते. मी रजिस्टर उघडलं! तारीख, वेळ, हात डावा की उजवा, आहार, मनःस्थिती आणि शेरा.

पहिल्या सकाळी पट्टा बांधला आणि सुरू केलं.

"हात सरळ ठेव. श्वास घे. अगं, इतका नको! काल लोणचं किती खाल्लंस?"

"अहो, आधी मोजून तरी घ्या!"

एकशे छप्पन्न!

लोणच्याची बरणी कुलपात गेली. एकशे बासष्ट. पापड बंद केले. एकशे अडुसष्ट. संध्याकाळची मालिका आणि बहिणीचा फोन, दोन्ही बंद केले. एकशे चौऱ्याहत्तर! आकडा असा चढत होता, की लडाखला जायला वेगळं विमान लागलंच नसतं.

"मशीन बिघडलंय तुमचं," ती म्हणाली.

मी लगेच स्वतःचं मोजलं. एकशे बावीस. "मशीन प्रामाणिक आहे!"

"मग माणसात दोष असेल."

"तोच तर शोधतोय!"

नवव्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला बाहेर गेलो होतो, तेव्हा समोरच्या जरीनाभाभींनी हिचं बीपी मोजलं. एकशे चोवीस. तेराव्या दिवशी मी केस कापायला गेलो, तेव्हा पुन्हा भाभी. एकशे वीस! भाभी तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या, म्हणून काय झालं? मी दोन्ही नोंदी लाल शाईने केल्या. शेरा: 'मापन अनधिकृत व्यक्तीकडून. नोंद संशयास्पद. विचारात घेऊ नये.'

"भाऊ, मोजताना मी गप्प बसते," भाभी म्हणाल्या.

"गप्प बसून कधी ऑडिट होतं का, भाभी?"

सोळाव्या दिवशी दवाखान्यात मी रजिस्टर डॉक्टरांपुढे ठेवलं. सत्यशीला हातातल्या रुमालाला पीळ घालत बसली होती.

"हे लाल काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते सोडून द्या. चुकीचं आहे."

पण बाई तेवढंच बघत बसल्या! मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मोजताना तुम्ही बोलत होतात?"

"छे! सूचना देत होतो."

"बाहेर बसा."

बाहेर बसलो. पाच मिनिटांनी आत बोलावलं, हिचं बीपी मोजलं, मला पुन्हा बाहेर पाठवलं. असं तीनदा! बाकावर खोकत बसलेले हिंमतराव नावाचे गृहस्थ शेवटी म्हणाले, "लघवीचा त्रास का हो?"

"मला काहीही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

चौथ्यांदा आत गेलो, तर निदान तयार.

"तुम्ही बाहेर असलात की एकशे चोवीस. तुम्ही आत आलात की एकशे चोपन्न. तीनदा पाहिलं. यांना आजार नाही, यांना तुमची तपासणी सोसत नाही. रजिस्टर मात्र उत्तम ठेवलंत. त्याच्याशिवाय कळलं नसतं!"

हिच्या दाखल्यावर सही झाली. मी ऐटीत बाही वर केली. "आता माझा द्या!"

डॉक्टरांनी पट्टा बांधला. तेवढ्यात सत्यशीलाने आपली खुर्ची माझ्याशेजारी ओढली.

"हात सरळ ठेवा. श्वास घ्या. अहो, इतका नको! सकाळी डब्यातलं फरसाण कोणी संपवलं?"

एकशे अडुसष्ट!

"पंधरा दिवस घरी मोजा," डॉक्टर म्हणाल्या. "मग बघू."

"पण मुदत आज संपतेय!"

"लडाख कुठे पळून जात नाही."

हिने तिथूनच फोन लावला. "भाभी, कपाटातून स्वेटर काढा आणि दाखल्यासाठी दवाखान्यात या. एक जागा झालीये!"

दोघींना जाऊन सहा दिवस झाले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मी रोज बीपी मोजतो. रोज एकशे अठरा! हे मात्र हिच्या कानावर घालू नका. नाहीतर मला तिची आठवण येत नाही, असं तिला वाटायचं.

येते हो! जेवणाच्या वेळी तर फारच.