डोमाजी नाकेदाराचं फालतू

डोमाजी नाकेदाराच्या घरात आरसा नव्हता. "आरसा फालतू," तो म्हणायचा. "थोबाड कुठी जाऊन राह्यलं? काल जिथी होतं तिथीच हाये."

हा डोमाजी आलापल्लीच्या जंगल नाक्यावर असायचा. चोरटं सागवान जाऊ नये म्हणून रस्त्यात बांबू आडवा टाकायचा, गाडी तपासायची आणि बांबू उचलायचा, ही त्याची नोकरी. तेव्हा आमचा जिल्हा चांदा आणि राजधानी नागपूर. मी आलापल्लीच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी नाक्यावर जाऊन बसायचो, कारण आलापल्लीत दुसरीकडे बसायचं तरी कुठं?

सागवान शोधता शोधता हा गृहस्थ लोकांच्या संसारात शिरायचा. लेकीला सासरी पोचवायला निघालेल्या बापाची बैलबंडी अडवून म्हणाला, "दोन घागरी? डोकं एकच हाये ना पोरीले? एक फालतू." एका वरातीतले वाजंत्री त्यानं फालतू ठरवले, तेव्हा नवरदेवाच्या मामानं त्याला मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

एकदा मी मास्तरकी दाखवली. "डोमाजीभाऊ, फालतू म्हणजे नेमकं काय?"

"ज्याच्यावाचून अडत नाई ते. तुमचा भूगोलच पाहा. आलापल्लीच्या पुढं कोन जाऊन राह्यलं?"

मला राग आला, पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा नाक्यावर जाऊन बसलो.

घरी त्याला ना बायको, ना पोर. जेवायलाही कोणी बोलवत नसे. वरणालाच फालतू म्हणाला तर काय घ्या!

पुढं मीच गेलो. चांद्याला बदली झाली. निरोपाला सारं गाव आलं, डोमाजी तेवढा आला नाही. मोटार नाक्यावर पोचली तर बांबू आडवा. त्यानं नेमकी माझीच ट्रंक खाली उतरवली. धोतर काढलं, झटकलं, पुन्हा घडी घातली. मग सदरे. मग किटली. भोंगा वाजवून वाजवून ड्रायव्हर वैतागला.

"अबे डोमाजी, मास्तरच्या ट्रंकेत सागवान असन काय?"

"पाहून राह्यलो ना!"

सारी ट्रंक रिकामी करून त्यानं पुन्हा भरली. आता मीही चिडलो. "डोमाजीभाऊ, शोधता तरी काय एवढं?"

त्यानं झाकण लावलं. झाकणावरचा हात काही काढेना.

"काई नाई. तुमी गेल्यावर मी बोलू कोनाशी, मास्तर?"

शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि बांबू त्यानंच उचलला.