उत्तर बोटांनी द्या

आमच्या माजरी गावात दात काढून घ्यायला जायचं तर एक ते चार बोटं नीट दाखवता आली पाहिजेत. एवढी तयारी असली की डॉक्टर नसरीनबाईंकडे बेधडक जावं.

त्या खुर्चीत बसवणार, तोंडात कापसाचे बोळे कोंबणार, मशीन सुरू करणार आणि विचारणार, "सांगा बरं सर, एक्सरेत साबनाच्या फुग्यावानी गाठ कोनती दिसते? एक, दोन, तीन का चार? बोलू नका. बोट दाखवा."

मी इथल्या कॉलरीच्या, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या, वसाहतीतल्या शाळेत गणित शिकवतो. मला एवढंच ठाऊक, की माझी दाढ दुखते आहे. पण बाईंना एम.डी.एस.च्या, म्हणजे दातांच्या पुढच्या शिक्षणाच्या, प्रवेश परीक्षेची तयारी करायची होती, त्यातही मुखरोगांचा विषय पाठ करायचा होता, आणि माझं रूट कॅनाल काही केल्या संपत नव्हतं. मग काय, मी बोट दाखवायचो. चुकलं की बाई खूश. "चूक! निगेटिव मार्किंग!" म्हणत त्या खरं उत्तर कारणांसकट घडाघडा सांगायच्या. बरोबर आलं तर मात्र हिरमुसायच्या. समजावून सांगायला काही उरायचंच नाही ना!

कॉलरीची निम्मी माणसं अशी नकळत शिकून गेली. एक्सरेत कांद्याच्या पापुद्र्यांसारखं दिसणारं हाड, कापसाच्या पुंजक्यांसारखी कवटी... चहाच्या टपरीवर लोक यावर वाद घालायचे. एकदा एका डंपर ड्रायव्हरनं कळ असह्य होऊन तीन बोटं वर केली. त्याला तिसरी दाढ दाखवायची होती. बाई म्हणाल्या, "वा भाऊ, बरोबर!" बिचाऱ्यानं दोन्ही हात जोडले. त्यावर बाई म्हणतात, "दहा पर्याय नाई राहत भाऊ, चारच राह्यतात!"

मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, पुस्तकं घेऊन घरी बसून वाचा की."

"पुस्तक चुकत नाई ना, सर. चुकनारं कोनी समोर असलं का माह्या डोक्यात पक्कं बसते."

माझा इतका उपयोग आजवर कोणाला झाला नव्हता.

पण ही गंमत वरवरची होती. दोन वेळा बाईंचा नंबर हुकला होता. त्यांच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दवाखान्याला लागूनच. गरीब स्वभावाचा माणूस, नातेवाइकांपुढे किती दिवस टिकणार? यंदा नाही झालं तर वर्ध्याच्या स्थळाला होकार द्यायचा, असं ठरलं होतं. त्या लोकांना सून शिकलेली हवी होती, पण शिकत असलेली नको होती.

निकालाच्या दिवशी अब्बा सकाळच्या बसनं वरोऱ्याच्या सायबर कॅफेत गेले. परत आले ते जिलब्यांचा पुडा घेऊनच. नागपूरला सीट मिळेल इतका वरचा नंबर! त्यांनी दुकान बंद केलं आणि दवाखान्यातल्या एकेका पेशंटच्या हातावर जिलबी ठेवली. नुकताच दात काढलेल्यांच्यासुद्धा. आतून बाई ओरडत होत्या, "अब्बा, टाके हायेत त्याले!" बाहेर तो डंपर ड्रायव्हर सुजल्या तोंडानं सांगत होता, "आमच्या बोटानं पास झाली बाई!" कोणीही नाही म्हणालं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाढेवर टोपी बसवून घ्यायला गेलो. सवयीनं आ वासून पडलो. पण कापूस येईना, प्रश्नही येईना. बाई नुसत्याच उभ्या.

"काय झालं? आज परीक्षा नाही?"

"आज तुमी इचारा, सर."

"मी काय विचारू?"

"सगळे जे इचारतात थेच." त्या ट्रेमधली अवजारं उगाच नीट लावायला लागल्या. "लग्नात इचारतात, बाजारात इचारतात. म्हनून मी लग्नातच जानं सोडून देल्लं. इथी आलेला मानूसबी बसल्या बसल्या तेच इचारे. म्हनून आधी कापूस कोंबो मी. तोंड भरलं का इचारता येत नाई ना कोनाले."

या वेळी माझ्या तोंडात कापूस नव्हता. मी खुर्चीत ताठ बसलो आणि शेजारच्या दुकानात अब्बांनाही ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात विचारलं, "काय नसरीनबाई, लागला का नंबर?"

त्यांनी तोंडावरचा मास्क काढला.

"लागला, सर." डोळे पुसले, हसल्या आणि म्हणाल्या, "आनखी एकडाव इचारा ना."